भाऊजींनी काढलेला रेडिएटर

जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या करत होते. "हे गेले गं," एवढंच त्या बोलल्या... मी "येतो आम्ही" म्हणाले आणि उरलेल्या घड्या पूर्ण केल्या. खोटं कशाला सांगू, डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुढे इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा भरवली. जो उठला तो म्हणाला, भाऊजींनी न्यू जर्सीत किती जणांना हात दिला. दिला असेल. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको; मला त्यांनी गारठा दिला.

नेहा झाली त्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याच घरात राहत होतो. बारसं हॉलमध्ये करायचं ठरलं आणि भाऊजींच्या मनाने घेतलं की देव पूर्वेच्या भिंतीलाच मांडायचे. त्या भिंतीच्या पायथ्याशी गरम पाण्याचा लांबलचक रेडिएटर होता. देवांखाली तापलेला पत्रा नको, म्हणून तो काढायचा. प्लंबर? छे! "मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, इट्स जस्ट अ पाइप." बॉयलर बंद केला, पाणी सोडून दिलं, पाइप कापला, रेडिएटर गराजमध्ये नेऊन टाकला आणि पाइपाच्या दोन्ही उघड्या टोकांना टोपणं बसवली. काम देखणं होतं, तेवढं म्हणेन. पण खालच्या मजल्यावरचं पाणी एकाच पाइपातून सगळ्या खोल्या फिरून बॉयलरकडे परत जायचं. मधला तुकडा काढला, तर ती दोन टोकं एकमेकांना जोडायला हवीत. यांनी पाण्याची वाटच बुजवली. हॉलच्या पुढची खोली बाळंतिणीची, म्हणजे माझी. भाऊजी झोपायचे वर, तिथला पाइप वेगळा.

संध्याकाळपर्यंत माझी खोली थंडगार. बाहेर बर्फ, आणि जिला शेक-शेगडी द्यायची ती बाई कोट घालून मूल पाजतेय. नेहाचे तळवे निळसर दिसायला लागले तशी मी हॉलमध्ये गेले. "भाऊजी, हीट येत नाहीये."

"हवा अडकली असेल. होईल."

दुसऱ्या दिवशीही तेच. नवऱ्याने भीत भीत विचारलं, "दादा, प्लंबरला कॉल करू का?"

"माझ्या घरात माझ्या कामाला दुसरा माणूस हात लावणार नाही. आणि नागपूरला कुठे होती रे हीट? उगाच नखरे!"

मी मैत्रिणीला फोन केला, लेक शालीत गुंडाळली आणि तिच्या गाडीतून निघून गेले.

बारशाला लोक बोलावलेले होते. दुसऱ्या कोणी कॅन्सल केलं असतं. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायची आपली पद्धत. जाऊबाईंकडून मागाहून कळलं, भाऊजींनी नुसत्या वरवंट्यालाच कुंची घालून निजवलं. आत्या भारतात, म्हणून नाव सांगायचा मानही स्वतःकडेच घेतला आणि वाकून त्या दगडाला नाव सांगितलं... गोदावरी. त्यांच्या आईचं. मी नेहा ठरवलंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लोक पेढे खाऊन घरी गेले. तो राग आजही माझ्या मनात आहे, आणि माणूस गेला म्हणून मी तो सोडणार नाही.

आम्ही वेगळे राहायला लागलो. कागदोपत्री पोर नेहाच. पण भाऊजी भेटले की "गोदे, इकडे ये" म्हणत, आणि कार्टी धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ते गेल्याचं मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. दुसरीतली पोर. म्हणाली, "सो हू विल कॉल मी गोदा?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तिने खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पानं वाढून मी हाक मारली, "नेहा!" पुन्हा मारली... दार बंदच. तेव्हा माझ्यादेखत ते नाव कधी न घेतलेला माझा नवरा पानावरूनच म्हणाला, "गोदे, जेवायला चल." दार उघडलं. माझ्याकडे न बघता ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

त्याला आता बरेच आठवडे झाले. तो रोज तशीच हाक मारतो. मी नेहाच म्हणते. येते ती, पण दुसऱ्या हाकेला.