चार वाजताचा दणका

माणसाने माणसाला किती वेळा थक्क करावं याला काहीतरी मर्यादा असायला हवी. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेतल्या आमच्या फ्लॅटच्या बरोबर वर राहणाऱ्या नायजेरियन तरुणाने ती मर्यादा राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी ओलांडली आणि पुढची दोन वर्षं मला आ वासायला लावण्यापलीकडे जणू दुसरं काही केलंच नाही. मी मूळचा सांगलीचा. या देशात तेरा वर्षं काढली, बर्फात सायकल चालवली, पाहुण्यापुढे एकच बिस्कीट ठेवून डबा बंद करणारे यजमान पाहिले. मला वाटायचं, आता आपल्याला कशाचंच काही वाटत नाही. ती घमेंड या सव्वासहा फुटी गृहस्थाने उतरवली.

त्या रविवारी चार वाजता आम्ही चहा घेत होतो आणि डोक्यावर असा काही दणका बसला की छताचा दिवा हलायला लागला. बायको म्हणाली, कुणीतरी पडलं, वर जाऊन बघून या. इथे शेजाऱ्याकडे न कळवता जाणं म्हणजे त्याच्या न्हाणीघरात डोकावण्यासारखं समजतात, पण मी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत हा जमिनीवर पालथा, नाक फरशीला लावलेलं, हात अंगाला चिकटलेले. माझी पाचावर धारण बसली. मी अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर आठवतोय तेवढ्यात त्या प्रेताने एक बोट वर केलं, जरा थांबा म्हणून. टेबलावर भाताच्या कुकरला टेकवलेल्या फोनमधून एक म्हातारा, खर्जातला आवाज एकच शब्द बोलला. त्यासरशी प्रेत उठलं, त्याने गुडघे झटकले आणि हसत हसत माझा हात हातात घेतला.

झालं होतं असं, की तो योरुबा जमातीचा. त्यांच्यात मुलाने बापाला नमस्कार करायचा तो जमिनीवर सपशेल पालथं पडून, आणि बाप ‘ऊठ’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. वडील गावाकडे, हा आल्मेरेत, म्हणून नमस्कार फोनवर. मी म्हटलं, अरे, पण फोन टेबलावर आणि तू खाली, त्यांना तर रिकामी खुर्चीच दिसत असणार. तेव्हा त्याने सांगितलं की वडिलांची दृष्टी काचबिंदूने कधीच गेली आहे. त्यांना खुर्चीही दिसत नाही. ते ऐकतात. सुरुवातीला एकदा थंडीचा आळस करून याने स्वतः न पडता दहा किलोची तांदळाची पिशवी जमिनीवर टाकली होती. वडील म्हणाले होते, ‘हा माझा मुलगा नव्हे, हे धान्य आहे.’ तेव्हापासून दर रविवारी चार वाजता सव्वासहा फूट माणूस प्रामाणिकपणे खाली पडायचा आणि आमचा दिवा हलायचा.

मला तो अंकल म्हणे. मी एकेचाळीसचा, तो एकोणतीसचा. पण त्यांच्यात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. मी ते गिळलं. बायकोला मात्र आंटी म्हटल्यावर तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला आणि त्याच संध्याकाळी ‘वैनी’ म्हणायला शिकला. त्या वैनीने त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा आमच्या मुलीने त्याला इंग्रजीत बजावलं होतं, आईच्या ठेच्याला हात लावू नकोस. त्याने ठेचा चमच्याने खाल्ला. भाकरीशिवाय. मग विचारपूस केली, की घरात कुणाला पोटाचा त्रास आहे का, एवढं बेताचं तिखट का करता. कोल्हापूरच्या माहेराचा असा उघड अपमान बायकोने लग्नानंतर प्रथमच ऐकला. दुसऱ्या दिवशी तिने दुप्पट मिरच्या घालून वाटी वर पाठवली आणि ती धुवून परत आली, वर चिठ्ठी: आता सुधारणा आहे.

बायकांची, जुनी, गुडघे हँडलला लागतील अशी एक सायकल त्याच्याकडे होती. घरात तो हीटर लावत नसे. ओव्हरकोट घालून भात शिजवायचा आणि टोपी घालून झोपायचा. मी एकदा म्हटलं, अरे न्यूमोनिया होईल. तो म्हणाला, अंकल, हीटर लावला की माझ्या धाकट्या बहिणीची फी जळताना दिसते. त्याचा फोन बघावा तेव्हा वाजत असायचा. तो थोरला मुलगा, आणि परदेशात असलेला थोरला मुलगा म्हणजे त्यांच्याकडे गावविहीर. येईल त्याने घागर बुडवावी. मावशीचं ऑपरेशन, चुलतभावाचं लग्न, चर्चचं छप्पर, शेजाऱ्याचा जनरेटर. एकदा तर एका बाईंनी बकऱ्यासाठी फोन केला होता आणि त्या नात्याने कोण लागतात हे त्यालाही सांगता येईना. मी चिडलो. म्हटलं, तू नाही कसं म्हणत नाहीस? तो खरोखरच चकित झाला. म्हणाला, ‘अंकल, ज्याचा फोन वाजत नाही तो माणूस मेलेला असतो.’ मी खाली येऊन माझा फोन पाहिला. तीन दिवसांत दंतवैद्याच्या आठवणीशिवाय त्यावर काही आलेलं नव्हतं.

आता या विहिरीत पाणी कुठून येत होतं, हे गावाला ठाऊक नव्हतं. तो शिकायला आला, यंत्र अभियांत्रिकीची मोठी पदवी घेतली. त्यानंतर नोकरी शोधायला इथे एक वर्ष मिळतं. त्या वर्षात त्याने इतके अर्ज केले की नकाराची पत्रं वाचून वाचून तो डच शिकला. पोटासाठी मात्र पार्सलच्या गोदामात खोकी लावायचा. घरी त्याने सांगितलं होतं, इंजिनियर आहे, ऑफिसात आहे. तेवढं एक खोटं तो दर रविवारी जमिनीवरून उठल्यावर बोलायचा.

आणि त्या खोट्याला फोटो मी पुरवला. वडिलांची सत्तरी होती. माझा लग्नातला ब्लेझर मागायला तो आला. मी पाच फूट पाच इंच. बाह्या त्याच्या कोपराखाली संपल्या, म्हणून हाताची घडी घालायचं ठरलं. एका शनिवारी आम्ही अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासला, माझ्या ऑफिसच्या काचेच्या टॉवरसमोर गेलो. मी गुडघ्यावर बसून फोटो काढला, कारण मागची इमारत शेंड्यापर्यंत यायला हवी होती. गळ्यात काहीतरी हवं म्हणून माझा ऑफिसचा पासही त्याला मीच दिला. मला त्यात गंमत वाटत होती, हे आज सांगतानाही लाज वाटते.

त्यांच्याकडे समारंभाला आलेल्या पाहुण्यांना घरी नेण्यासाठी फोटो छापलेल्या वस्तू देतात. दोन महिन्यांनी गावाकडून आलेल्या कुणाच्यातरी सामानातून आमच्यासाठी भेट आली: एक हिरवी प्लॅस्टिकची वाटी. तिच्या एका बाजूला गॉगल लावलेले वडील, दुसऱ्या बाजूला हाताची घडी घातलेला हा, मागे माझं ऑफिस, आणि छातीवरच्या पासात, निरखून पाहिलं तर, मिशीसकट मी. अशा तीनशे वाट्या वाटल्या होत्या. पश्चिम आफ्रिकेतल्या तीनशे स्वयंपाकघरांत माझ्या तोंडावर शेंगदाणे पडत होते. तो म्हणाला, कुणाच्याही लक्षात आलं नाही, फक्त आत्याने विचारलं, हा छोटा माणूस कोण? मग काय सांगितलंस? ‘माझा साहेब.’ बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या वाटीत आम्ही शेव ठेवू लागलो.

नोकरी शोधायचं ते वर्ष संपायला तीन महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. रविवारी दणका झाला आणि पाच मिनिटांत तो खाली आला, तोही बेल न वाजवता. खुर्चीत बसला आणि वाटीकडे बघत राहिला. त्याचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा, पंधरा दिवसांत घरून निघणार होता. एका दलालाने सगळं ठरवलं होतं, आधी गाडी आणि मग बोट. वडिलांना वाटत होतं आपल्या खाडीत चालते तसली बोट. गाडी म्हणजे वाळवंट आणि बोट म्हणजे समुद्रात सोडलेली रबरी नाव, हे याला माहीत होतं. त्याच वाटेने गेलेल्या वर्गमित्राच्या आईचा फोन त्याला अजून यायचा, मुलाचं काही कळलं का म्हणून. दलालाला द्यायला वडील रस्त्याकडेची कोकोची बाग विकत होते. याने हातापाया पडून सांगून पाहिलं होतं. भावाने उत्तर दिलं, तू सूट घालून काचेच्या घरात बसणार आणि मी इथे माशा मारायच्या? वडील फक्त म्हणाले, पोट भरलेल्याने उपाशी माणसाला पथ्य सांगू नये.

मी नेहमीप्रमाणे शहाणपणा केला. म्हटलं, सांग की नियम बदललेत. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्याला म्हणाली, ‘त्या पोराला तू नाही बोलावलंस, या वाटीने बोलावलंय. आता वाटी खोटी आहे हे तूच सांग.’ तो म्हणाला, वैनी, तीनशे घरं आहेत. माझ्या वडिलांना ती वाटी दिसत नाही, पण रोज कुणीतरी येऊन त्यांना तिचं वर्णन सांगतं. ती म्हणाली, मग वडिलांची वाटी सांभाळ आणि भाऊ जाऊ दे. इतकं कठोर ती बोलू शकते याचा मला धक्का बसला. तो उठून गेला आणि मला वाटलं, संपला शेजार.

पुढच्या रविवारी पावणेचारला तो गोदामाचं पिवळं जाकीट, लोखंडी टोपणाचे बूट आणि हातमोजे अशा वेशात आमच्या दारात उभा. म्हणाला, वर एकटा असलो की जीभ आपोआप खोटं बोलते, इथून फोन करू का? वाटी फरशीवर ठेवून तिला फोन टेकवला. पलीकडे भाऊही बसलेला दिसला. मग आमच्याच स्वयंपाकघरात, फ्रीज आणि ओट्याच्या मधल्या जागेत, तो पडला. मुलगी धावत आली आणि ‘मामा, वात दुट हाय?’, म्हणजे आई, हा काय करतोय, असं डचमध्ये विचारून दारातच थबकली. फोनमधून नेहमीचा ‘ऊठ’ आला. तो उठला नाही. फरशीला नाक लावूनच बोलायला लागला. त्यांच्या भाषेतलं मला अक्षर कळलं नाही. नंतर त्याने सांगितलं की खोकी, ब्लेझर, पास, हीटर, तीन महिने, वर्गमित्र, सगळं एका दमात सांगून टाकलं होतं. पण त्याच्या बुटांची टोकं आमच्या फरशीवर थरथरत होती, ती मला दिसत होती.

भाऊ पिवळ्या जाकिटाकडे बघत होता. वडिलांचा गॉगल हलला नाही. बाप ‘ऊठ’ म्हणाल्याशिवाय उठायचं नाही, आणि आता बाप तो शब्द पुन्हा म्हणेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी त्याला हात देऊन उठवायला वाकलो तर बायकोने माझा शर्ट धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही मला सुचलं नाही. शेवटी म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि एक प्रश्न विचारला. याने जमिनीवरूनच एका शब्दात उत्तर दिलं. मग तो शब्द आला आणि तो उठला.

काय विचारलं, असं मी नंतर त्याला विचारलं. ते म्हणाले होते, ‘फरशी थंड आहे का?’ हा म्हणाला, हो. ते म्हणाले, मग ऊठ.

बाग विकली गेली नाही. भाऊ दोन महिने याच्याशी बोलला नाही, पण निघाला नाही. पुढे बाजाराच्या कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकून बसला. याला मात्र ऑफिसातली खुर्ची मिळाली नाहीच. वर्ष संपलं, खेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, दफ्तरातून नाव काढून घेतलं, सायकल मुलीला दिली आणि तो परत गेला. मी त्याला ब्लेझर देऊ केला होता. म्हणाला, नको अंकल, याच्या बाह्या लगेच खरं सांगून टाकतात. वर आता एक डच आजी राहतात. त्या लोकरी मोज्यांतून चालतात आणि त्यांचा काडीचा त्रास नाही. चार वाजता आम्ही दोघं चहा घेतो आणि दिवा हलत नाही. तो न हलणारा दिवा मला बघवत नाही, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मागच्या रविवारी चारला फोन वाजला. दंतवैद्य नव्हता. पडद्यावर एक रिकामी खुर्ची, मागे भिंतीवर ऊन, आणि बाजूला गॉगल लावून बसलेले त्याचे वडील, गालात हसत. ‘अंकल’ अशी हाक आली आणि पाठोपाठ दणका. मी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या मागे कुणी मोठं माणूस उभं आहे का ते. कुणी नव्हतं. मीच होतो. म्हणायचा शब्द मला ठाऊक होता, फार लहान शब्द आहे, पण तो काही केल्या घशातून वर येईना, आणि तो बिचारा तिकडे पालथा पडून वाट बघत राहिला.