तिसरी पायरी

नगरपालिकेच्या जुन्या इमारतीचा इतिहास लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. तीस वर्षं तिथे कारकुनी केली, आता निवृत्त, म्हणजे रिकामटेकडा. दुसरं कोण लिहिणार! दुरुस्ती चालू होती, ती संपली की पुस्तिका निघणार होती. ‘घरटी एक चिरा देऊन गावाने ही वास्तू उभी केली,’ असं झोकात पहिलं वाक्य लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं.

बाबांनी नव्वदी गाठलेली. ऐकून म्हणाले, “पायऱ्यांचा काय केल्यानी?”

पायऱ्या काढल्या, तिथे उतार करतायत, मी सांगितलं.

“माका थंय घेवन चल. आत्ताच.”

रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. आजोबांनीही चिरा दिला होता, स्वतःच्या डोक्यावरून नेऊन, टाकीने दोन फुल्या कोरून. पण आम्ही गावकुसाबाहेरच्या वाडीतले. आमचा चिरा भिंतीत कसा चालणार? पायरीला चालला. तिसऱ्या पायरीला, फुल्या खाली दाबून.

बाबा माझ्या कचेरीत आले की तिसरी पायरी ओलांडून चढायचे. पाय मोडून घ्याल एक दिवस, म्हणून मी सगळ्यांदेखत हसायचो. आता ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पायऱ्यांचे चिरे अंगणात ढीग करून टाकले होते. भरावासाठी न्यायला टेम्पोही आला होता. एकेक चिरा उलटा करत गेलो, तेव्हा कुठे फुल्या दिसल्या. घरी नेऊया, मी म्हटलं.

“घराक कित्याक?” बाबा कडाडले. “तो गावाक दिलेलो. भितीत लावूक सांग.”

गवंडी घुटमळला. साहेबांना विचारायला हवं, म्हणाला. तीस वर्षांत मी त्या आवारात कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. दरवाजाशेजारचा एक फुटका चिरा निघाला आणि आमचा बसला, फुल्या बाहेरच्या अंगाला. बाबांनी त्यावर तळवा ठेवला. बराच वेळ काढेनात.

परतताना मला राहवलं नाही. तीस वर्षं मी रोज त्याच पायरीवर पाय देऊन आत जात होतो, एकदा तरी सांगायचं होतं, मी म्हटलं.

“सांगलं असतंय,” बाबा म्हणाले, “तर दुसऱ्या दिवशी तू कामाक गेलं असतंस?”