चाळीसला हातचा एक

गणिताची हौस असलेल्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यातले एक काका माझ्यासारखेच मारुंजीत राहतात आणि सकाळी दूध डेअरीवर भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. ग्रुपवर स्वतःच्या फोटोच्या जागी त्यांनी बैल लावलाय. बोलताना ते बोटाने हवेत आकडे मांडतात आणि चुकलं की तळहाताने हवाच पुसतात.

परवा ग्रुपवर माझं एक उत्तर साफ चुकलं. लोक हसले. आता ग्रुप सोडायचा, असं मी ठरवलं. तेवढ्यात नवख्यांसाठी सोपी बेरीज आली, ०.२५ अधिक ०.१५. काकांनी सगळ्यांच्या आधी लिहिलं, ‘एक.’ मला विसरून सगळे त्यांना हसायला लागले.

सकाळी डेअरीवर मी विचारलं, “काका, एक कसं आलं?”

“अवो ताई, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर पॉइंटच्या पुढं गुंठं, चाळीस झालं की आपला हातचा एक.” त्यांनी हवा पुसली.

“वाईट नाही वाटलं?”

“कशापायी? जमिनीत चुकलं तर भाऊबंद कोर्टात जात्यात. हितं निस्तं हसत्यात. लई बरं वाटतंय.”

घरी जाताना दुधाची पिशवी सावरत मीही एकदा हवा पुसली. ग्रुप सोडायचं राहूनच गेलं.