मक्यात सोडलेली सायकलपुरती वाट

मंडळी, आज सकाळी मी एका बाईंवर उगाच डाफरलो.

जालन्याबाहेर कुंडलिकेच्या काठाने सिमेंटचा रस्ता आहे, तिथे मी रोज सायकल चालवतो. गाड्या नाहीत, हॉर्न नाहीत. "तिथं चिटपाखरू नसतं," असं मीच या ग्रुपवर कितीदा तरी लिहिलंय.

आज वळणावर पोचलो तर पुढचा रस्ता पिवळाधमक. मका वाळत घातलेला! शेजारच्या शेतातल्या मावशी पायाने दाणे पसरत होत्या. मी लांबूनच ब्रेक मारून ओरडलो, "मावशी, अख्खा रस्ता अडवलात! आम्ही जायचं कुठून?"

"इकडून जा की भाऊ. तुमच्यासाठीच तर सोडली वाट."

बघितलं तर नदीच्या बाजूने सायकल जाईल एवढी पट्टी मोकळी होती. झाडून घेतलेली.

"माझ्यासाठी?"

"मंग! दोन महिने झाले, रोज बघून राह्यले तुम्हाला. मधी चार दिवस दिसले न्हाई, तर म्हटलं बिमार पडले का काय."

खरंच तापाने पडलो होतो. घराबाहेर कुणाला पत्ताही नव्हता.

माफी मागितली आणि त्या पट्टीवरून सायकल अगदी हळू काढली. चाकाखाली एक दाणा आला नाही. परत येताना घंटी वाजवली, तर मावशींनी हात केला.

दोन महिन्यांत मला त्या एकदाही दिसल्या नव्हत्या. तुमच्या रोजच्या रस्त्यावर असं कोण आहे?