गाडीखाली आलं

मुलीकडे जर्मनीला आले आहे. काल सकाळी आम्ही दोघी रेल्वेने शेजारच्या गावी निघालो होतो. गाडी विजेची, नवीकोरी, इतकी मुकी की मांडीवरच्या डब्याचं झाकणसुद्धा वाजत नव्हतं. आणि एकदम धाडकन काहीतरी फुटलं, ब्रेक करकचले, मी समोरच्या सीटवर आदळले.

गाडी रखडत पुढच्या स्टेशनात पोचली. उतरून पाहिलं तर तिचं पांढरं नाक चिरलेलं, चिरेत रक्त आणि तपकिरी केस.

"हरीण गाडीखाली आलं गं," मी म्हटलं.

गाडी चालवणाऱ्या बाई तिथेच त्या चिरेकडे बघत उभ्या होत्या. स्टेशनवरचा माणूस त्यांची समजूत घालत होता.

"काय म्हणतोय तो?" मी मुलीला विचारलं.

"या गाडीचे सगळे भाग सुटे असतात म्हणे. हे नाक काढून दुसरं बसवतील, उद्या गाडी पुन्हा धावेल."

"आणि बाई?"

"त्या एकच म्हणतायत. मी मारलं."

मला माझ्याच वाक्याची चीड आली. आपल्याकडे माणूससुद्धा गाडीखाली 'येतो'. जणू गाडी बिचारी जागच्या जागी उभी होती आणि हाच तिच्यावर चालून गेला! मेलेल्यालाच कर्ता करायचं आणि आपण हात झटकायचे. आणि आवाजच न करणारी गाडी त्या हरणाला कळणार तरी कशी?

दुपारी घरून ह्यांचा फोन आला; मुलीने त्यांना कळवलं होतं. "अगं, हरीण गाडीखाली आलं म्हणे?"

"आलं नाही हो," मी ओरडलेच. "आम्ही मारलं."