अठ्ठावीस पॉइंट पाच

एका खोलीत दोन माणसं आठ वर्षं बसली की किस्से साठतातच. ऐंशीच्या दशकात बेळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर रूम होती. टाइप करायला मी आणि प्रोग्रॅम लिहायला निपाणीचा सुरेशअण्णा. चपला बाहेर काढाव्या लागत, म्हणून कुणी फारसं आत यायचंच नाही.

एकदा स्टाफची यादी छापली, तर निम्म्यांची जन्मतारीख एक जून. अण्णा दोन दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत होता. शेवटी शिपाई मारुतीआप्पा म्हणाले, "चूक न्हाय रं. शाळेत घालताना मास्तर तीच लिवायचे. तुझी कंची?"

अण्णाचीही एक जूनच होती.

अण्णाची आई तंबाखूच्या वखारीत राबलेली. एकदा ती आमच्या ऑफिसात आली.

"हितं करतोस काय रं?"

"मशीनला वेळ वाचायला शिकवतोय. सेकंदाचे बी भाग पाडतोय."

"सेकंदाचं? आन् घराकडं यायला तुला तीन तीन म्हैनं लागत्यात."

त्या दिवशी अण्णानं डबा उघडला नाही.

मग मुलींच्या दोनशे मीटर शर्यतीचा निकाल आमच्याकडं आला. मुली दोन गटांत धावल्या होत्या. वेळ पाहून एकीलाच कॉलेजच्या संघात घेणार होते. जांबोटीच्या मुलीची वेळ २८.४५, दुसरीची २८.५. प्रोग्रॅम टिंबानंतरचा आकडा थेट शतांश सेकंद धरायचा. पंचेचाळीसचे पंचेचाळीसच राहिले, पण पाचाचे पन्नास व्हायचे ते पाचच झाले, म्हणजे दुसरीची वेळ २८.०५ धरली गेली. जांबोटीची मुलगी मागं पडली.

अण्णाला हे महिन्यानं उमगलं. आमचे साहेब म्हणाले, "संघ स्पर्धेला जाऊन परत आला. आता कुणाला सांगणार?"

रविवारी अण्णा एकटाच जांबोटीला गेला. पुढची बस नव्हती, म्हणून तिच्या वस्तीपर्यंत चालत. मुलगी गोठ्यात शेण काढत होती. त्यानं सगळं सांगितलं, चूक माझी म्हणाला.

तिनं हात धुतले. "म्हंजे मी किती पुढं हुते, सर?"

"सेकंदाचा विसावा भाग."

"तेवढ्यात माणूस किती लांब जातंय?"

अण्णानं मनात हिशेब केला. "दीड वीत."

ती अंगणात खाली बसली, मातीवर दीड वीत मोजली आणि तिथंच हात ठेवून बघत राहिली.