गफूर सर आणि माझं खरं वय

गफूर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर फक्कीनं पांढऱ्या रेघा आखत होते. सरांची धाकटी मुलगी रुबीना बोलत होती. "ताई, अब्बा गेले..." एवढंच म्हणाली आणि फोन कुणा दुसऱ्याच्या हातात गेला. देगलूरला सरांच्या घरी पोचले तोवर जनाजा उठून गेला होता. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी घरात सरांच्या पत्नीजवळ, आमच्या खालाजवळ, बसून राहिले. आलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "ही कोन?" खाला म्हणाली, "उनकी पिचर." सून, भाची, शेजारीण अशा सगळ्या नात्यांच्या बायका तिथं होत्या, पण हे नातं काय ते कुणाला कळलं नाही. मी समजावूनही सांगितलं नाही. परवा चाळिसाव्याला जाऊन आले आणि आज लिहायला बसले आहे.

लातूरला मी शिकले त्या शाळेत सर खेळाचे शिक्षक होते. गावभर क्लासेसचं पीक आलेलं होतं. चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे फोटो झळकायचे. फिजिक्सच्या सरांना लोक गाडी थांबवून नमस्कार करायचे आणि आमच्या सरांना विचारायचे, "सर, सॉफ्टबॉल म्हंजे मऊ असतो का वो?" सर पिशवीतला बॉल काढून त्यांच्या हातात द्यायचे. "दाबून बघा." मग त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण. बॅट तशीच, धावणं तसंच, फक्त पिचर हात खालून गरकन फिरवून बॉल सोडते. ती पिचर मी होते. उगाच विनय कशाला, चांगली होते.

मी मूळची किल्लारीजवळच्या एका गावची. भूकंपात आई, वडील आणि घर गेलं, मी तेवढी राहिले. मामानं लातूरला आणलं. गावात मी अजून बालवाडीत जात होते, पण मामाची संगीता दुसरीत होती आणि दोघींनी एका वर्गात असावं, म्हणजे हात धरून जातील नि हात धरून येतील, असा मामाचा साधा हिशेब. त्यानं शाळेत माझं वय संगीताइतकं सांगितलं आणि गुरुजींनी सवयीनं एक जून लिहिलं. आमच्याकडे निम्मा तालुका एक जूनला जन्मलेला आहे, त्यात आणखी एक. मामाचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. रात्री दचकून उठणारं पोर कुणाच्या तरी हाताला धरून शाळेत जावं, एवढंच त्याला हवं होतं. पण मी कायम मोठ्या पोरींच्या मागे धावत राहिले. त्यांना यायचं ते मला यायचं नाही. सगळे म्हणायचे, भूकंपाचं पोर आहे, डोक्याला धक्का बसलाय. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आठवीत एकदा सराव चालू असताना माझी दाढ पडली. मी ती थुंकून टाकली आणि पुढचा बॉल टाकला. सरांनी खेळ थांबवला, मातीतून दाढ उचलून निरखून पाहिली आणि म्हणाले, "दुधाची हाय ही. आठवीत?" तेव्हा आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यानंतर माझी सलवार दर सहा महिन्यांनी आखूड व्हायची, तिकडेही त्यांचं लक्ष असायचं असं आता वाटतं.

अकरावीत असताना निवड समितीतले एक साहेब आमचा सामना बघायला आले. त्यांनी माझे चार बॉल पाहिले आणि सरांना म्हणाले, हिला ज्युनिअरमध्ये कशाला ठेवता, सरळ महाराष्ट्राच्या सीनिअर संघात घेऊ. मोठ्या बायकांच्या संघात! मला त्या रात्री झोप लागली नाही. मामालाही आनंद झाला, कारण राज्याकडून खेळलं की ॲडमिशनला ते कामाला येतं असं क्लासच्या लोकांनी त्याला सांगितलं होतं. सर फक्त "रविवारपर्यंत थांबा," म्हणाले.

त्या रविवारी सर जीपनं माझ्या गावी गेले. गाव आता जुन्या जागी नाही, नव्या जागी ओळीनं घरं बांधून दिलेली आहेत आणि पूर्वीचे शेजारी कुठल्या कुठे पांगलेत. सर दारोदार फिरून विचारत होते, अमक्याची पोरगी कधी झाली, सांगाल का? कुणी म्हणे ऊस पहिल्यांदा लावला तेव्हा, कुणी म्हणे मोठी गार पडली त्या साली. शेवटी सोजरबाई भेटली. पक्क्या घरात झोपायची भीती वाटते म्हणून ती अंगणात पत्र्याखाली राहायची. ती म्हणाली, "पोळ्याच्या करीला झाली ती, सणाच्या दुसऱ्या दिशी. माझ्या दत्तूच्या आदी आठ दिस. तिच्या आईला दूध न्हवतं, मग दोघांलाबी म्याच पाजलं." सरांनी विचारलं, "मग आता किती वर्षांची असंल?" सोजरबाई लगेच म्हणाली, "माझा दत्तू असता तर औंदा पंधराचा असता."

दत्तू भूकंपात गेला होता. माझं वय शाळेला ठाऊक नव्हतं, मामाला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं. ती आई गेलेल्या मुलाची वर्षं मोजत होती, त्यातून माझी वर्षं निघाली.

सोमवारी सरांनी हे सगळं मला मैदानाच्या कट्ट्यावर बसवून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "कागद सतरा म्हणतो, सोजरबाई पंधरा म्हणते. मी सोजरबाईचं ऐकणार बेटा. यंदा न्हाई जायचं."

"सर, माझा बॉल कुणाच्या बॅटला लागत नाही!"

"हाव. पण लागंल एक दिवस. पंचविशीच्या बाया हायेत त्या, मारतील. खांदा दुखला तर कळतं, शेकता येतं. पण पोरगी एकदा भ्याली ना, तर बॉल सोडायच्या आधीच डोळे मिटून घेती. तुझी हाडंबी अजून वाढून राहिलीत. जल्दी काय हाय?"

जल्दी काय आहे... दत्तूसाठी तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं, पण रागानं आलं. मला वाढदिवस नको होता, संघात नाव हवं होतं. मामानं सरांशी भांडून पाहिलं. साहेबांनीही एकदा निरोप पाठवला. सर हलले नाहीत. माझ्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातली एक मुलगी खेळायला गेली. पुढचं वर्ष बारावीचं. मामानं मैदान बंद केलं, क्लास सुरू केला, आणि सीनिअर संघाचं दार माझ्यासाठी पुन्हा कधी उघडलं नाही. मी सरांशी बोलणं टाकलं. बारावीत असताना आणि नंतर कॉलेजात असतानाही त्यांचा दर वर्षी पोळ्याच्या करीला फोन यायचा. "आज किती झाली?" मी आकडा सांगायची आणि फोन ठेवायची. सोळा. सतरा. अठरा. डॉक्टर तर मी झाले नाहीच, खेळाची शिक्षिका झाले. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पेढे घेऊन त्यांच्या दारात गेले, तेव्हा खालानं दार उघडलं आणि आत बघून ओरडली, "अहो, तुमचा अबोला आला!"

यंदा उन्हाळ्यात सर नांदेडला दवाखान्यात होते. मी भेटायला गेले, पण खरं सांगायचं तर विचारायलाही गेले होते. माझ्या शाळेत पूजा नावाची मुलगी आहे, माझ्यापेक्षा चांगली पिचर. तिला सीनिअरसाठी बोलावणं आलं होतं. तिच्या आईला मी वय विचारलं तर ती म्हणाली, "शाळंतलं सांगू का खरं, मॅडम?" खरं वय पंधरा. पुढच्या वर्षी तिला लातूरला क्लासला ठेवायचं घरात ठरलंय. म्हणजे आत्ता नाही तर कदाचित कधीच नाही. मी सरांना म्हणाले, तुम्ही सांगा, पाठवू की नको?

सर छताकडे बघत म्हणाले, "तुझा मामा पुढच्या साली तुला खेळायला सोडणार न्हाई, हे मला तवाच माहीत होतं."

मला हे नवीन होतं. इतकी वर्षं मी समजत होते की सरांना पुढच्या वर्षाची खात्री होती, आणि मामानं त्यांचा अंदाज चुकवला.

"माहीत असून नाही म्हणालात?"

"हाव." धाप लागली म्हणून थांबले. "तू पंधराची होतीस ना बेटा... राग गेला का?"

खोटं बोलावं असं मनात आलं. आजारी माणूस, काय बिघडतं. पण त्यांच्यापुढं खोटं वय चाललं नाही, तिथं हे काय चालणार. मी म्हणाले, "नाही सर. मला तो सामना खेळायचा होता. अजून वाटतं."

सर हसले. अगदी समाधानानं हसले. "राग गेला असता तर मी सांगितलं असतं, असं कर, तसं कर. राहिलाय ना? मग तू ठरव. तुला माहीत हाय, थांबवलं की काय जातं ते."

ती आमची शेवटची भेट.

सर गेल्यावर आठवड्याभरात मी पूजाला सांगितलं, यंदा नाही. सरांनी केलं म्हणून मी हे केलेलं नाही. तिचा खांदा पाहिला, एक चेंडू मारला गेला की ती किती वेळ खाली बघते ते पाहिलं, आणि ठरवलं. तिच्या वडिलांकडे दोनदा जाऊन आले, पुढच्या वर्षी तिचं मैदान बंद करू नका म्हणून. ते हो म्हणालेत. त्या 'हो'ची किंमत मला माहीत आहे. मी बरोबर केलं का, हे मला माहीत नाही आणि ज्यांना विचारावं ते आता नाहीत.

पूजा माझ्याशी बोलत नाही. वेळेवर येते, पळते, बॉल टाकते, निघून जाते. हाक मारली तर "हं" म्हणते. काल तिनं एक बॉल असा टाकला की कॅचरचा हात मागे गेला. मी टाळी वाजवली. तिनं वळून बघितलं नाही. मला इतकं लागलं की कट्ट्यावर जाऊन बसावं लागलं. मला नोकरी करून इतकी वर्षं झाली, आणि एका पंधरा वर्षांच्या पोरीच्या पाठीकडे मी बघत बसले.

पाठवू की नको, हे मी सरांना विचारलं होतं. खरं तर दुसरंच विचारायला हवं होतं... सर, माझा अबोला तुम्ही एवढी वर्षं कसा सोसलात?